तळघरातल्या टाकीत नायट्राइट चढलं, त्यावरचा इलाज

मिनेसोटातलं तळघर, ४०० लिटरची टाकी, तिलापिया मासे आणि त्यांच्याच पाण्यावर खडीच्या वाफ्यात वाढणारं लेट्यूस (अ‍ॅक्वापोनिक्स). जानेवारीत पाणी १६ अंशांवर उतरलं, नायट्राइट (माशांच्या घाणीतून जिवाणू बनवतात ते विष, पुढे दुसरे जिवाणू ते खाऊन संपवतात) ३ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तीन भाग, मासे वर येऊन तोंड उघडझाप करणारे. हीटर चालूच होता. ऊब जात होती ती उघड्या पृष्ठभागातून आणि खडीच्या वाफ्यातून. गारठ्यात जिवाणू मंदावतात, नायट्राइट खाणारेही.

माशांचं खाणं बंद. १०० लिटर पाणी बदललं, क्लोरीन काढून, त्याच तापमानाचं. मग ४०० ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ विरघळवून दिवसभरात थोडं थोडं: मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. स्ट्रॉबेरी असेल तर जपून, तिला मीठ सोसत नाही. बाजूंना ५ सेंमी फोम, वर झाकण (फोम खालीही हवा, पण तो टाकी भरण्याआधीच). रात्री वाफ्याचा पंप तासाला १५ ऐवजी ५ मिनिटं, हवेचा अखंड. पाणी रोज एकेक अंशानं २४ वर नेलं.