जुनी हार्ड डिस्क एन्क्लोजरमध्ये बसवून कशी वापरावी

जुना संगणक बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा मदरबोर्ड, पॉवर सप्लाय किंवा स्क्रीन निकामी झालेली असते. आतली हार्ड डिस्क मात्र धडधाकट असते. ती काढून एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्कसाठीच्या यूएसबी जोडणीच्या पेटीत, बसवली की यूएसबीने कोणत्याही संगणकाला जोडता येते. ‘डिस्क पेटीत बसवा, केबल जोडा आणि संगणकाने फॉरमॅट करायचे का असे विचारले की होकार द्या’ असा सल्ला याबाबत जागोजागी दिला जातो. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी ठीक आहेत. तिसऱ्या गोष्टीमुळे लोकांची वर्षानुवर्षांची माहिती गेलेली मी पाहिली आहे आणि एकदा माझीही गेली आहे, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एका प्रश्नासाठी राखला आहे.

पायरी १ : डिस्क ओळखून एन्क्लोजर घेणे

डेस्कटॉपमधील डिस्क साडेतीन इंची असते आणि लॅपटॉपमधील अडीच इंची. मागच्या बाजूला एल आकाराच्या खाचेच्या दोन चपट्या जोडण्या, म्हणजे एक ७ संपर्कांची आणि दुसरी १५ संपर्कांची, असतील तर ती साटा डिस्क होय. पिनांच्या दोन ओळी दिसल्या, साडेतीन इंचीवर ४० आणि अडीच इंचीवर ४४, तर ती आयडीई डिस्क असून तिला आयडीईचेच एन्क्लोजर लागते. अडीच इंची डिस्कची जाडीही मोजावी, कारण ७ आणि ९.५ मिलिमीटरच्या डिस्क सहज बसतात, पण १२.५ मिलिमीटरची डिस्क बहुतेक सडपातळ एन्क्लोजरमध्ये मावत नाही. एम.२ प्रकारच्या, म्हणजे छोट्या पट्टीसारख्या, एसएसडीसाठी ती साटा आहे की एनव्हीएमई हे आधी पाहावे. दोन्हींचा आकार सारखा असला तरी एकासाठी बनवलेले एन्क्लोजर दुसऱ्याला सहसा चालत नाही.

वेगाच्या आकड्यांना भुलू नये. जुनी फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, त्यामुळे ५ जीबीपीएसचे यूएसबी ३.० एन्क्लोजर तिला पुरून उरते आणि त्याहून वेगवान एन्क्लोजरसाठी जास्त पैसे मोजण्यात काहीही अर्थ नाही. यूएसबी २.० मात्र घेऊ नये, कारण त्यावर प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस एमबीच मिळतात आणि एक टीबीची नक्कल करायला सात तासांहून अधिक वेळ जातो.

पायरी २ : डिस्कची तब्येत पाहणे

जुना संगणक अजून सुरू होत असेल तर हे काम डिस्क बाहेर काढण्याआधीच उरकावे, कारण सर्वच एन्क्लोजर डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या, संगणकापर्यंत पोहोचू देत नाहीत. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स या प्रणाली त्या नोंदी दाखवतात. मी चारच क्रमांक पाहतो. क्रमांक ५ मध्ये खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरील माहितीच्या छोट्या कप्प्यांची) संख्या असते, १९७ मध्ये वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची आणि १९८ मध्ये तपासणीत दुरुस्त न झालेल्यांची. या तिन्हींची मूळ किंमत (‘रॉ व्हॅल्यू’ या रकान्यातली) शून्य असेल तर डिस्क पुढे वापरण्याजोगी आहे. १९७ हा आकडा शून्याहून जास्त असेल तर माझा नियम ठाम आहे : आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसरीकडे घ्यावी आणि त्या डिस्कवर नवीन काहीही ठेवू नये. चौथा क्रमांक १९९, आणि तो वाढलेला असला तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. त्यावरून चांगली डिस्क टाकून देण्याची चूक करू नये.

पायरी ३ : बसवणे आणि वीज देणे

बसवणे म्हणजे दोन-चार स्क्रू किंवा एक सरकते झाकण; डिस्क जोडणीत तिरकी शिरत नाही एवढे पाहावे.

विजेचे मात्र तसे नाही. साडेतीन इंची डिस्कला ५ व्होल्टखेरीज १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबी पोर्ट देत नाही, म्हणून तिच्या एन्क्लोजरसोबत बहुधा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टर येतो. तोच वापरावा. घरातल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा, विशेषतः लॅपटॉपचा १९ व्होल्टचा, अडॅप्टर पिन बसते म्हणून लावला तर एन्क्लोजरची आणि डिस्कचीही सर्किटची पाटी जळू शकते. अडॅप्टरवर मी चिकटपट्टी लावून कोणत्या पेटीचा ते लिहून ठेवतो.

अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, पण तिच्यावरील लेबल वाचावे. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असे प्रमाण आहे, तर अनेक जुन्या डिस्कना फिरू लागतानाच्या क्षणी एक अँपिअरच्या आसपास वीज लागते. ती कमी पडली की डिस्क फिरायला लागते, टक् असा आवाज करून थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. हा आवाज ऐकून डिस्क मेली असे ठरवण्याआधी संगणकाच्या थेट पोर्टला, आखूड केबलने किंवा वेगळी वीज घेणाऱ्या हबमार्फत ती जोडून पाहावी. पुरेशी वीज मिळूनही टकटक चालूच राहिली तर डिस्क लगेच बंद करावी, कारण दोष तेव्हा आतल्या वाचनशीर्षाचा असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक नवा प्रयत्न नुकसान वाढवतो.

पायरी ४ : संगणक ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारतो तेव्हा

माझ्याकडे ३ टीबीची एक डिस्क होती आणि ती काही वर्षे एकाच एन्क्लोजरमध्ये वापरात होती. त्या एन्क्लोजरचा यूएसबी पोर्ट सैल झाल्यावर मी ती काढून नव्या एन्क्लोजरमध्ये बसवली. विंडोजने ३४९ जीबीचे एक पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र विभाग) दाखवले आणि ते वापरण्यासाठी फॉरमॅट करावे लागेल असे सांगितले. डिस्कची नोंद कशामुळे तरी बिघडली असावी आणि त्यातले सगळे दुसरीकडे आहेच, असे समजून मी होकार दिला. शेवटच्या वर्षभरातली छायाचित्रे दुसरीकडे नव्हती, हे त्यानंतर लक्षात आले. पुढे पुनर्प्राप्तीच्या साधनांनी त्यातली बरीच परत मिळाली, पण फोल्डर आणि फायलींची नावे गेली ती गेलीच. त्या डिस्कमध्ये कोणताही बिघाड नव्हता.

डिस्कवरील जागेला सेक्टरांच्या क्रमांकाने ओळखले जाते आणि बहुतेक डिस्क आपला सेक्टर ५१२ बाइटचा आहे असे संगणकाला सांगतात. पार्टिशनची जुनी पद्धत, म्हणजे एमबीआर, हे क्रमांक ३२ बिटांत साठवते, त्यामुळे ५१२ बाइटच्या हिशेबाने तिची मर्यादा २ टीबीच्या जवळ संपते. विंडोज एक्सपीच्या नेहमीच्या आवृत्तीला नवी जीपीटी पद्धत समजत नव्हती. तिथेही मोठ्या डिस्क चालाव्यात म्हणून काही एन्क्लोजरांच्या चिपमध्ये एक युक्ती केली गेली. ही चिप आठ सेक्टर एकत्र करून संगणकाला ४०९६ बाइटचा एक सेक्टर असल्याचे भासवते, आणि त्यामुळे मर्यादा आठपट होते. पार्टिशनची सुरुवात ‘सेक्टर २५६’ अशी नोंदलेली असेल तर त्या एन्क्लोजरमध्ये तिचा अर्थ १ एमबी अंतरावर असा होतो. तीच डिस्क ५१२ बाइट सांगणाऱ्या एन्क्लोजरमध्ये गेली की तीच नोंद १२८ केबी अंतरावर बोट दाखवते, तिथे काहीच सापडत नाही, आणि पार्टिशनचा आकारही एक अष्टमांश दिसतो. ३ टीबी म्हणजे विंडोजच्या मोजणीत २७९४ जीबी. त्याचा आठवा भाग ३४९. हा आकडा पडद्यावर माझ्यासमोर होता आणि मला त्याचा अर्थ कळला नाही.

उलट दिशेनेही हेच घडते. संगणकाच्या आत साटा जोडणीवर फॉरमॅट झालेली डिस्क अशा भासवणाऱ्या एन्क्लोजरमध्ये बसवली की ती कोरी, अनोळखी किंवा ‘रॉ’, म्हणजे आतली मांडणी न ओळखता आलेली, दिसते. जीपीटी असेल तर तिची मूळ नोंद सेक्टर १ मध्ये असते आणि सेक्टरचा आकार बदलताच संगणक ती चुकीच्या जागी शोधतो.

म्हणून प्रश्न आला की रद्द करावे. ‘इनिशियलाइज’ (पार्टिशनची नोंद नव्याने लिहिणे) आणि ‘फॉरमॅट’ या दोन्ही शब्दांना हीच सूचना लागू आहे. त्यानंतर विंडोजचे ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पूर्ण डिस्कची क्षमता आधी पाहावी आणि पार्टिशनचा आकार नंतर.

पूर्ण डिस्कचीच क्षमता चुकीची दिसत असेल तर एन्क्लोजर अपुरे आहे. २ टीबीच्या पुढचे न समजणाऱ्या जुन्या एन्क्लोजरमध्ये ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे उरलेला भागच तेवढा मोजला जातो. अशा एन्क्लोजरमधून त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नये. क्षमता शून्य दिसत असेल तर पुन्हा वीज आणि जोडणी तपासावी.

क्षमता बरोबर पण पार्टिशन आठपट लहान, अवाजवी मोठे किंवा ‘रॉ’ असेल तर सेक्टरचा आकार पाहावा. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये डिस्कच्या माहितीत ‘बाइट्स/सेक्टर’ अशी ओळ असते, आणि लिनक्समध्ये एफडिस्कची यादी लॉजिकल व फिजिकल असे दोन्ही आकार दाखवते. फिजिकल म्हणजे डिस्कवरचा प्रत्यक्ष आकार आणि लॉजिकल म्हणजे संगणकाला सांगितलेला. आपल्याला लॉजिकल आकाराशी कर्तव्य आहे. फिजिकल ४०९६ आणि लॉजिकल ५१२ असणे आजच्या डिस्कमध्ये नेहमीचे आहे. लॉजिकल आकार ४०९६ दिसला आणि डिस्क मूळची संगणकाच्या आतली असली, तर ती थेट साटा पोर्टला किंवा दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये जोडावी. सगळे जसेच्या तसे दिसते. माझ्यासारखी उलट परिस्थिती असेल तर जुन्या एन्क्लोजरसारखेच दुसरे मिळवणे हा सोपा मार्ग आहे. ते न मिळाल्यास लिनक्समध्ये ४०९६ बाइट सेक्टरचे, केवळ वाचनासाठीचे लूप डिव्हाइस (डिस्कसारखे भासणारे आभासी उपकरण) तयार करून फायली काढता येतात.

आणखी एक शक्यता मनात असू द्यावी. डिस्क मॅकमधून, लिनक्सच्या संगणकातून, नेटवर्क स्टोरेजमधून किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून आलेली असेल तर तिची फाइल व्यवस्था, म्हणजे फायली मांडण्याची पद्धत, विंडोजला वाचता येत नाही आणि तेव्हाही विंडोज हाच प्रश्न विचारते. ती डिस्क तिच्या मूळच्या प्रणालीवर उघडावी. कुलूपाचे चिन्ह दिसले तर डिस्क बिटलॉकरने बंद केलेली असते, आणि पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मिळाल्याशिवाय ती सहसा उघडत नाही.

होकार देऊन झालाच असेल तर त्याच क्षणी थांबावे. केवळ इनिशियलाइज झालेल्या डिस्कवरील पार्टिशनची नोंद टेस्टडिस्कसारखे साधन पुष्कळदा शोधून देते. त्यानंतर केलेला प्रत्येक ‘दुरुस्तीचा’ प्रयत्न ती शक्यता कमी करतो.

पायरी ५ : माहिती काढून घेणे आणि मग फॉरमॅट करणे

जुन्या विंडोजच्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचे सांगितले गेले तर ‘कंटिन्यू’ म्हणावे. हा प्रश्न निरुपद्रवी आहे. सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर नकलून आणि त्यातल्या काही उघडून पाहिल्यावरच पुढे जावे.

फॉरमॅट आता ज्या एन्क्लोजरमध्ये डिस्क राहणार आहे त्यातच करावे. विंडोजपुरती वापरायची असेल तर एनटीएफएस आणि मॅकवरही लिहायचे असेल तर एक्सफॅट. फॅट३२ नको, कारण तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. ‘क्विक’ची खूण मी पहिल्या वेळी नेहमी काढून टाकतो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कच्या सर्व जागेवर शून्ये लिहिते, त्यामुळे काही तास जातात, पण प्रत्येक सेक्टरची परीक्षा होते. ते संपल्यावर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक पुन्हा पाहावेत. आकडे वाढले असतील तर ती डिस्क सांभाळून ठेवण्याच्या माहितीसाठी वापरू नये.

साडेतीन इंची डिस्क बंद प्लॅस्टिकच्या पेटीत तासन्तास चालवली तर बरीच तापते. मोठी नक्कल सुरू असताना तापमान पाहत राहावे. ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मी काम थांबवतो आणि झाकण काढतो किंवा पंखा लावतो.

पायरी ६ : काढणे आणि लेबल लावणे

संगणकाला सांगून डिस्क वेगळी करावी, आवाज पूर्ण थांबेपर्यंत पेटी हलवू नये.

शेवटी पेटीवर आणि आतल्या डिस्कवरही एकेक कागदी पट्टी चिकटवावी. तिच्यावर फॉरमॅटची तारीख, फाइल व्यवस्था, एमबीआर की जीपीटी, आणि लॉजिकल सेक्टर ५१२ की ४०९६ एवढे लिहावे. माझ्या ३ टीबीच्या डिस्कवर आता अशी पट्टी आहे, आणि ‘४०९६ : दुसऱ्या पेटीत जोडल्यास फॉरमॅट करू नये’ ही ओळ मी तिच्यावर लाल शाईने लिहिली आहे.