सेल सारखे सारखे उतरतायत? आधी या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ, अंगाला साबण लागलाय आणि गॅस गिझर नुसता टिक टिक टिक करतोय, पेटायचं नाव नाही. आम्ही मेकॅनिकला बोलावलं. त्याने काय केलं, तर खालची डबी उघडली, दोन मोठे सेल काढून नवे घातले आणि ३०० रुपये घेऊन गेला. वर विचारतो कसा, "ताई, सेल तपासले नव्हते का?" तपासायचं काय त्यात, महिन्यापूर्वीच तर बदलला होता! आणि तिथेच घोळ होता, कारण मी *एकच* बदलला होता. दुसरा टॉर्चमधून काढलेला, "चालतोय की अजून" म्हणून तसाच टाकलेला.

तर पहिली चूक हीच, जुना आणि नवा सेल एकत्र घालणे. सेल एकामागे एक जोडलेले असतात, करंट दोघांतून सारखाच जातो. जुना आधी रिकामा होतो पण नवा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, मग तो रिकामा सेल उलटा चार्ज व्हायला लागतो, आत गॅस होतो आणि सेल गळतो. म्हणजे एक सेल वाचवायला जाऊन दोन्ही गेले, वर गिझरच्या डबीतली पत्ती पण गंजली. सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. एक साधा आणि एक अल्कलाईन असली जोडी पण नको.

आणि हो, गिझर टिक टिक करतोय पण पेटत नाही किंवा पेटून लगेच विझतोय, तर सिलेंडर चालू आहे आणि पाण्याला प्रेशर आहे एवढं बघून सगळ्यात आधी सेलच बदलून बघा. त्या दोन सेलवर ठिणगी तर पडतेच पण गॅसचा व्हॉल्व्हपण त्याच्यावरच उघडा राहतो. सेल अर्धवट उतरले की ठिणगी पडते पण व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, म्हणून ते फसवं वाटतं.

दुकानात गेल्यावरची चूक

आपण काय म्हणतो, "दोन पेन्सिल सेल द्या." दुकानदार देतो सगळ्यात स्वस्त. पेन्सिल सेल म्हणजे एए, बारीक पेन्सिल म्हणजे एएए आणि गिझर, टॉर्चचा मोठा सेल म्हणजे डी, पण ही झाली फक्त साईझ. आत मसाला कुठला आहे हे कोणी विचारतच नाही. सेलवर बारीक अक्षरात बघा, आर६ लिहिलं असेल तर साधा झिंक कार्बन आणि एलआर६ असेल तर अल्कलाईन. बारीक सेलला तेच आर०३ आणि एलआर०३, मोठ्याला आर२० आणि एलआर२०. सगळा खेळ त्या 'एल'चा आहे.

आणि एक गंमत सांगते, 'हेवी ड्युटी' किंवा 'सुपर हेवी ड्युटी' लिहिलेला सेल बघून वाटतं हा लई दणकट असणार. तर तो साधाच असतो! झिंक कार्बनवरच ते लिहितात. मी कित्येक वर्षं पोराच्या खेळण्यातल्या गाडीसाठी हौसेने हेवी ड्युटीच घेत होते आणि गाडी एका दुपारीत थकायची.

मग साधा सेल वाईट का, तर अजिबात नाही. भिंतीवरच्या घड्याळाला, टीव्हीच्या रिमोटला करंट लागतो अगदी चिमूटभर, तिथे साधा सेल आरामात वर्षभर जातो, अल्कलाईन घातला तर अजून जास्त, पण घाई काय आहे. मोटर फिरते, लाईट लागतो, गाणं वाजतं अशा खेळण्याला मात्र एकदम जास्त करंट लागतो. साधा सेल तेवढा जोर एकदम देऊच शकत नाही, व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि आपण म्हणतो सेल डुप्लिकेट निघाला. तिथे अल्कलाईन घ्या. महाग असतो पण खेळण्यात टिकतो इतका जास्त की हिशोबाने स्वस्तच पडतो.

आमच्या घरी आता एक पद्धत आहे. गाडीतून थकलेले अल्कलाईन सेल लगेच टाकायचे नाहीत, घड्याळात घालायचे. गाडीला ते पुरत नाहीत पण घड्याळाला त्याच्यात अजून बरेच महिने असतात, आणि घड्याळाला एकच सेल लागतो त्यामुळे जुन्या-नव्याचा प्रश्नच येत नाही. फक्त अधूनमधून उघडून गळला नाही ना ते बघायचं. घड्याळाचा सेल उतरत आला हे कसं कळतं माहितीये? सेकंद काटा ९ च्या आसपास जागच्या जागी टक टक करत अडकतो, कारण तिथे त्याला आडवा होऊन वर चढायचं असतं, सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो. घड्याळ बिघडलं म्हणून दुकानात नेऊ नका.

चार्जिंगचे सेल आणले आणि फसलो

हे पण केलंय. चार्जिंगचे सेल म्हणजे एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राईड), ते १.५ नाही तर १.२ व्होल्टचे असतात. चार सेलच्या खेळण्यात ६ च्या जागी ४.८ व्होल्ट, पण खेळणं छान पळतं, कारण जोर पडला तरी त्यांचं व्होल्टेज साध्यासारखं कोसळत नाही. रोज खेळायच्या वस्तूला यांच्यासारखं काही नाही. पण हेच सेल आमच्या अण्णांच्या (सासरे) बीपी मशीनमध्ये घातले तर मशीन पूर्ण चार्ज सेलवर पण बॅटरी लो दाखवायचं आणि अण्णा म्हणायचे माझंच प्रेशर लो झालंय. गिझरमध्ये पण ३ ऐवजी २.४ व्होल्ट, ठिणगीला कमी पडतात. आणि घड्याळात घालणं म्हणजे नुसती उधळपट्टी.

घेताना लेबलवरचा एमएएच आकडा बघा, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो. एए साईझच्या एनआयएमएच सेलमध्ये खरे जास्तीत जास्त २५०० ते २८०० बसतात. ऑनलाईन ५००० लिहिलेला दिसला की पुढे स्क्रोल करा, एवढ्याशा नळकांड्यात तेवढं मावतच नाही. शक्यतो 'रेडी टू यूज' किंवा 'लो सेल्फ डिस्चार्ज' वाले घ्या, २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणल्यापासून हा प्रकार मिळतोय. जुन्या प्रकारचे सेल कपाटात ठेवल्या ठेवल्या एकदोन महिन्यांत उतरून जायचे, हे वर्षभराने काढले तरी बराच चार्ज शिल्लक असतो.

दोन गोष्टी मात्र अजिबात नको. एक, चार्जरमध्ये साधा किंवा अल्कलाईन सेल घालून बघणे, तो फुगतो, गळतो, कधी फुटतो पण. दुसरी, १४५०० नंबरचा सेल. दिसायला सेम पेन्सिल सेल, पण लिथियम आयन, ३.७ व्होल्टचा. खेळण्यात दोन घातले तर ३ च्या जागी सात-साडेसात व्होल्ट, मग काय, धूर.

दातांनी चावणे, उन्हात ठेवणे वगैरे

अण्णांच्या पिढीचे सगळे उपाय मी बघितलेत. सेल उन्हात वाळवायचे. ऊब मिळाल्यावर आतली क्रिया जरा वेगात होते, रेडिओ अजून एक बातमीपत्र ऐकवतो, बास. उरलेला सेल मात्र उन्हाने लवकर खराब होतो. चावायचा प्रकार तर सोडाच, आतला मसाला तोंडात जायचा. फ्रीजमध्ये ठेवणारे पण आहेत, आताच्या सेलला त्याची गरज नाही, उलट बाहेर काढल्यावर दव धरतं आणि टोकं गंजतात.

रिमोट तळहातावर आपटणे किंवा सेल गोल फिरवणे, हे मात्र खरंच चालतं. पण का, तर सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर साचलेला पातळ थर खरवडला जातो म्हणून. म्हणजे दोष सेलचा नव्हताच, कोरड्या फडक्याने टोकं पुसली असती तरी भागलं असतं.

अजून एक व्हिडिओ फिरतो, सेल टेबलावर सोडायचा, उडाला तर संपलेला आणि टपकन बसला तर नवा. यात थोडं तथ्य आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात २०१५ मध्ये यावर अभ्यास झाला, अल्कलाईन सेल वापरला जातो तसं आतल्या झिंकचं झिंक ऑक्साईड होत जातं आणि सेल जास्त उडायला लागतो. पण साधारण निम्मा चार्ज गेला की उडी वाढायची थांबते, म्हणजे अर्धा भरलेला सेल पण तेवढाच उडतो. 'नवा नाही' एवढं कळतं, 'संपला' हे नाही. नीट बघायचं तर साधा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणा, नवा अल्कलाईन दीड व्होल्टच्या वर दाखवतो, १.२ च्या आसपास आला की खेळण्यातून काढून घड्याळात, १ च्या खाली गेला की संपला.

रिमोट चालत नसेल तर सेल विकत आणायच्या आधी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट लुकलुक दिसली तर रिमोट ठीक, टीव्हीकडे बघा. काहीच दिसलं नाही तर सेल, नाहीतर रिमोट.

सेल गळलाय, आता?

शाळा सुरू झाली की खेळणं माळ्यावर जातं आणि सेल आतच राहतात. मे महिन्यात काढलं की पांढरी पावडर. ही अल्कलाईनची गळती, ती क्षारी असते, म्हणून कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसायचं, फसफसेल, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. हात उघडे नको, डोळे चोळू नका. साध्या सेलची गळती तपकिरी चिकट असते, ती आम्लधर्मी, तिला लिंबू नको, पाण्यात खायचा सोडा कालवून पुसा. स्प्रिंग गंजली असेल तर पॉलिश पेपरने हलकेच घासा. महिनाभर वापरणार नसाल ती वस्तू सेल काढूनच ठेवा.

तीन-चार सेलवाल्या खेळण्यात एखादा सेल उलटा बसला तरी कधी कधी खेळणं हळूहळू चालतं, त्यामुळे लक्षात येत नाही. तो उलटा सेल आत चार्ज होत राहतो आणि आठवड्यात गळतो. पोरं स्वतः सेल घालतात तेव्हा हे हमखास.

बटण सेल, इथे मात्र मस्करी नाही

वजनकाटा, गाडीची चावी, शुगर तपासायचा ग्लुकोमीटर यात जो चपटा सेल असतो तो बहुतेक सीआर२०३२. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर२०२५ घातला तर तो २.५ मिलिमीटरच जाड, तोही ३ व्होल्टचाच, पण ढिला बसतो आणि वजनकाटा मनाला येईल तेव्हा चालतो. काही सेलना मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप असतो, चांगली गोष्ट आहे, पण एखाद्या वस्तूत त्या लेपामुळे कॉन्टॅक्ट होत नाही. नवा सेल घालूनही चालत नसेल तर हे पण डोक्यात असू द्या.

आता खरी भीती. दिवाळीत आपण त्या प्लास्टिकच्या एलईडी पणत्या आणतो ना, जिन्यात, रांगोळीभोवती, अगदी जमिनीवर ठेवतो. उलटी करून बघा, खालचं झाकण नखाने निघतं आणि आत बटण सेल. जत्रेतले लेझर लाईट, लुकलुकणारे बूट, गाणारं बर्थडे कार्ड, सगळं तेच. रांगणाऱ्या पोराने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे करंट वाहायला लागतो, तिथे दाहक क्षार तयार होतो आणि २ तासांत आत गंभीर भाजू शकतं. सेल गळायची पण गरज नाही. वजनकाट्याला न पुरणारा 'संपलेला' सेलसुद्धा एवढं करू शकतो.

शंका जरी आली तरी थेट एक्स-रे आणि एंडोस्कोपीची (तोंडातून नळी घालून आत बघायची) सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, म्हणून "बटण सेल असू शकतो" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. उलटी करायला लावू नका, केळं-भात चारून "खाली जाईल" असलं काही करू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील तर जाता जाता दर १० मिनिटांनी २ चहाचे चमचे मध द्यायचा, जास्तीत जास्त ६ वेळा, हे अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या मार्गदर्शनात आहे. पण मध शोधण्यात एक मिनिट घालवू नका, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाहीच. सेल नाकात घातला असेल तर नाकात कसलेही थेंब टाकू नका. लाळ गळणं, खोकला, खायला नको म्हणणं ही लक्षणं, पण कित्येकदा काहीच दिसत नाही.

म्हणून खेळणं घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, जत्रेतल्या गाड्यावर तो शोधून दाखवा. आमच्याकडे पणत्या आता कठड्यावर उंच लागतात आणि झाकणावर चिकटपट्टी.

संपलेल्या सेलचं काय करायचं

आधी मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळे एकत्र टाकायचे, नवे, जुने, सुट्टी नाणी, सेफ्टी पिना. मल्टीमीटरचा चौकोनी ९ व्होल्टचा सेल असा कधी ठेवू नका, त्याची दोन्ही टोकं शेजारी शेजारी असतात, एक पिन आडवी पडली की शॉर्ट होऊन तापतो, आग पण लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावा, बटण सेलला तर दोन्ही बाजूंनी.

२००१ चे जुने नियम फक्त लेड ॲसिड बॅटऱ्यांपुरते होते, २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांत हे छोटे सेल पण आले, परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेलवर कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं ते त्यासाठीच. आम्ही वर्षभराचे साठवतो आणि ई-कचरा गोळा करणारे आले की देतो, नाहीतर घंटागाडीत ओल्या-सुक्यापासून वेगळी पिशवी करून. गावाकडे मात्र सासूबाईंना दरवेळी सांगावं लागतं, कारण तिथे अजून पाणी बंबात तापतं आणि अंगणातला सगळा कचरा जातो बंबाच्या जाळात. गेल्या वर्षी दोन सेल गेले, असा आवाज झाला की अण्णा टॉवेलवरच बाहेर.