मान न वळवता बोला: कॅचरने अंपायरशी बॉल-स्ट्राइकबद्दल कसं बोलावं

क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय अंपायर बाद देत नाही, म्हणून विकेटकीपर घसा फोडून ओरडतो. ती सवय घेऊन बेसबॉलमध्ये कॅचर म्हणून प्लेटमागे (बॅटरजवळच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीमागे) बसलात तर दुसऱ्या इनिंगपर्यंत अंपायर तुमच्यावर उखडलेला असेल. इथे बॅटरने सोडलेला प्रत्येक चेंडू स्ट्राइक (चौकटीतला) की बॉल (चौकटीबाहेरचा), हा निर्णय तो न मागताच देतो. "सतत कुरकुर करा, शेवटी तो वाकतोच" असं शिकवणाऱ्यांनी स्वतः मास्क घातलेला नसतो, हे लगेच कळतं.

सुरुवात सोपी आहे. नमस्कार करा, नाव सांगा आणि तुमच्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) चेंडू शेवटी बुडत असेल तर तेही सांगून ठेवा. एवढं पुरे.

पहिल्या दोन इनिंग गप्प बसून त्याचा झोन, म्हणजे स्ट्राइकची चौकट, पाहा. नियमाप्रमाणे प्लेट 17 इंच रुंद, खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखालचा खळगा आणि वरची हद्द खांदे व पँटचा वरचा काठ यांच्या मधोमध. चेंडूचा जरासा भाग या चौकटीला शिवला तरी स्ट्राइक. हे झालं कागदावर. मैदानात कुणाचा झोन थोडा खाली सरकतो, कुणाचा बाहेर. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नऊच्या नऊ इनिंग तो तसाच राहिला की झालं.

आता खरी अडचण: काठावरचा चेंडू बॉल दिला, तर विचारायचं कसं? हे मला जमायला फार वेळ लागला, कारण सगळे "नम्रपणे विचारा" एवढंच सांगतात. नम्रपणा ठीक आहे, पण मान कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही मागे वळून पाहिलंत की आख्ख्या मैदानाला दिसतं, तुम्ही तक्रार करताय. मग त्याला माघार घेता येत नाही. म्हणून आधी चेंडू पिचरकडे फेका, नजर पिचरवरच ठेवा आणि मास्कच्या आतून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं विचारा: "सर, खाली होता की बाहेर?"

"कुठे होता?" असं मोघम विचारू नका, आणि "स्ट्राइक होता" हे तर चुकूनही म्हणू नका. दोन पर्याय दिले की उत्तर एका शब्दात येतं, आणि तो शब्द कामाचा असतो. "खाली" म्हणाला, तर बहुतेक त्याला बाहेरचा काठ चालतोय. पुढचा चेंडू त्याच रेषेत थोडा वर मागवा. उत्तर मिळाल्यावर "बरं, सर" म्हणा आणि विषय संपवा. त्याला उलटं उत्तर देणारा कॅचर पुढचं उत्तर गमावतो.

कधी तो म्हणेल, "तुझं मिट (हातमोजा) खाली गेलं." ऐकून घ्या. तो तुमच्या आणि बॅटरच्या मधल्या फटीतून पाहत असतो, त्यामुळे बाहेरचा खालचा कोपरा त्याच्यापासून सर्वांत लांब. तिथे तुम्ही मिट झटकलंत किंवा डोकं वर काढलंत, तर त्याने काय पाहायचं? आणि बॉल दिल्यावरही मिट तसंच धरून ठेवणं म्हणजे तोंड न उघडता घातलेला वादच. निर्णय कानावर पडला की चेंडू परत गेला पाहिजे.

लांबलचक बोलायचं असेल तर तो प्लेट झाडायला पुढे येईपर्यंत थांबा. मैदानाकडे पाठ असते, तेव्हा तोही मोकळा बोलतो. फाउल (बॅटला लागून वळलेला चेंडू) लागून तुम्ही कळवळलात तर स्वच्छ प्लेटही तो पुन्हा झाडेल, तुम्हाला दम घ्यायला मिळावा म्हणून. त्याला लागलं की तुम्ही पिचरशी बोलायला जा. डगआउटमधून (संघाच्या बसायच्या जागेतून) आरडाओरडा सुरू झाला तर त्यात पडू नका. बॉल-स्ट्राइकवर वाद घालणाऱ्याला बाहेर काढायचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

अर्धवट फिरवलेल्या बॅटवर बॉल दिला तर बेसवरच्या अंपायरला विचारायची विनंती खुशाल करा: उजव्या बॅटरसाठी पहिला बेस, डावखुऱ्यासाठी तिसरा. यात कुणालाच राग येत नाही.

मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये) 2026 पासून चॅलेंज, म्हणजे बॉल-स्ट्राइकचा निर्णय यंत्राकडून तपासून घेण्याची मागणी, आलं आहे. संघाला सुरुवातीला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला, तोही डोक्यावर हात टेकवून, ताबडतोब, डगआउटच्या मदतीशिवाय. म्हणजे आधी विचारून मग चॅलेंज करता येत नाही. माझं मत: पिचरला सरळ सांगून टाका, टोपीला हात लावायचा नाही. त्याला आपला प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो; काठ तुमच्या डोळ्यांसमोर असतो. पहिल्या इनिंगमध्ये, बेस रिकामे असताना चॅलेंज उधळू नका. आणि हरलात तर मागे बघून हसू नका, पुढच्या चेंडूची खूण द्या.