या चुका टाळा: पॅकेज बिल्ड झालं म्हणजे मेंटेनर सुटला असं नाही

डेबियन, फेडोरा, आर्च अशा लिनक्स डिस्ट्रोंसाठी मूळ कोड बिल्ड करून त्याचं पॅकेज बनवतो आणि ते सांभाळतो तो मेंटेनर. नव्या मेंटेनरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बिल्ड स्क्रिप्ट एकदा बघाल का?" बघतो. बहुतेक वेळा ती ठीकच असते. चाचण्या पास, फायली आपापल्या जागी, पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन गप्प. पण बग आला तर काय करू, मूळ लेखकाशी कसं बोलू, उद्या मला वेळ मिळेनासा झाला तर कोणाला सांगू, हे क्वचितच कोणी विचारतं. आजवर मी जेवढी भांडणं निस्तरली त्यांतलं एकही बिल्ड स्क्रिप्टवरून पेटलेलं नव्हतं.

पॅच खिशात ठेवून देणं

या चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

लॉग फायली सांभाळणारं एक छोटं साधन माझ्याकडे होतं. एक फाइल भरली की ते दुसरी उघडायचं आणि त्या क्षणी कधीकधी शेवटची नोंद गळायची. मी पाच ओळींचा पॅच, म्हणजे मूळ कोडवर चढवायची दुरुस्ती, लावला: लिहिणाऱ्या फंक्शनने शून्य परत दिलं तर पुन्हा लिही. तक्रार मिटली. पॅच मूळ लेखकाला पाठवायचा होता, पण 'या आठवड्यात पाठवू' म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. मधल्या काळात त्या लेखकाने ते फंक्शन नव्याने लिहिलं आणि शून्याचा अर्थच उलटा झाला. आता शून्य म्हणजे काम फत्ते. माझा पॅच ज्या ओळींना धरून बसला होता त्या मात्र तशाच होत्या. पॅच बिनबोभाट लागला, बिल्ड हिरवं आलं, मी अपलोड करून मोकळा झालो.

त्यानंतर प्रत्येक नव्या फाइलच्या सुरुवातीला एक नोंद दोनदा यायला लागली. लोकांनी तक्रार थेट मूळ लेखकाकडे नेली. त्याने दोन शनिवार-रविवार स्वतःच्या कोडमध्ये तो दोष शोधला, जो तिथे नव्हताच. शेवटी कोणीतरी म्हणालं की हे फक्त अमुक डिस्ट्रोवर होतंय, तेव्हा त्याने आमचं पॅकेज उघडलं. मला त्याचं एका ओळीचं पत्र आलं: "हा पॅच मला आधी दाखवला असतात तर?" मी पाठवला. मूळ दोष त्याने दहा मिनिटांत माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने काढून टाकला. तीन वर्षं विरुद्ध दहा मिनिटं. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझं प्रकरण किरकोळ होतं. डेबियनमध्ये 2006 साली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या पॅकेजमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या, कारण मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्रिंड त्यांच्यावर कुरकुरत होतं. त्यातल्या एका ओळीबरोबर एन्क्रिप्शनची किल्ली बनवताना लागणारी जवळजवळ सगळी यादृच्छिकता गेली. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी साधारण 32,768 शक्यता. हे उघडकीला आलं मे 2008 मध्ये आणि तोवर बनलेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या. त्या मेंटेनरने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं होतं, पण प्रश्न डीबगिंगपुरता आहे असं त्यांना वाटलं आणि उत्तरही त्याच बेताचं आलं. 'या ओळी काढल्या तर चालेल का' असं विचारणं वेगळं, आणि 'हा पूर्ण पॅच, हा सगळ्या वापरकर्त्यांकडे जाणार आहे, तपासा' असं म्हणणं वेगळं.

माझी सवय आता साधी आहे. पॅच पॅकेजमध्ये जातो त्याच दिवशी तो अपस्ट्रीमलाही, म्हणजे मूळ प्रकल्पाकडेही, जातो. पॅचच्या डोक्यावर चार गोष्टी लिहितो: काय, का, कुठून आला, अपस्ट्रीमला कुठे पाठवला. शेवटची ओळ रिकामी असेल तर मी अपलोड करत नाही, मग कोणी कितीही घाई करो. आणि नवी आवृत्ती आली की प्रत्येक जुना पॅच डोळ्यांनी वाचतो. 'लागला ना, झालं मग' म्हणणाऱ्यांना मी माझी गोष्ट ऐकवतो; ते मान डोलावतात आणि पुढच्या वेळी तेच करतात.

"हा आमचा बग नाही"

वापरकर्त्याला हे वाक्य ऐकवून बग बंद करणं हे नव्या लोकांचं आवडतं काम. त्या माणसाने पॅकेज तुमच्याकडून घेतलंय. मूळ प्रकल्पाचा बग ट्रॅकर कुठे आहे, तिथे कोणती माहिती मागतात, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. आधी आपले पॅच काढून मूळ कोड बिल्ड करा आणि दोष तिथेही दिसतो का पाहा. दिसला तर तुम्ही स्वतः तो पुढे पाठवा, दुवा आपल्या बगमध्ये नोंदवा आणि उत्तर आलं की निरोप्यासारखं परत आणून द्या. कंटाळवाणं काम आहे, पण मेंटेनर तिथे त्यासाठीच असतो.

उलट बाजूही आहे. तुमच्या स्थिर आवृत्तीत दोन वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर असेल तर मूळ लेखकाकडे केव्हाच सुटलेले बग पुन्हापुन्हा जातात आणि तो चिडतो. त्याचं चुकत नाही. असे बग तुमच्याच दाराशी अडवायला हवेत.

नव्वद दिवस हालचाल नसलेले बग आपोआप बंद करणारी यंत्रं मला अजिबात पटत नाहीत. त्याने बग सुटत नाही, फक्त यादी आखूड दिसते.

बाकीच्या, थोडक्यात

लायब्ररीचा एबीआय (बिल्ड झालेले प्रोग्राम तिच्याशी ज्या रीतीने जोडले जातात ती) बदलतोय आणि तुम्ही कोणाला न सांगता ती ढकलून दिलीत? फेडोरात किमान एक आठवडा आधी अवलंबून असलेल्या पॅकेजच्या मेंटेनरांना कळवण्याचा नियम आहे. तुमच्या डिस्ट्रोत नसला तरी पाळा.

सुरक्षेची बातमी गुप्ततेच्या अटीवर मिळाली असेल तर दुरुस्ती सार्वजनिक रेपॉझिटरीत 'तात्पुरती' टाकू नका. तात्पुरतं सार्वजनिक असं काही नसतं.

नवी आवृत्ती आली की परवाना पुन्हा वाचा. रेडिस या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये परवाना बदलला तेव्हा आवृत्तीचा आकडा तेवढा पाहणारे तोंडावर पडले.

दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये न विचारता हात घालू नका. तुमच्या पॅकेजमध्ये कोणी रीतसर दुरुस्ती अपलोड केली तर अपमान झाल्यासारखं वागू नका, आभार माना.

आणि पहिल्याच महिन्यात बारा पॅकेजं घेऊ नका. घेणारे वर्षाअखेर सापडत नाहीत. त्यावरून पुढचा मुद्दा.

न सांगता गायब होणं

नोकरी बदलते, घरात कोणी आजारी पडतं, रस संपतो. हे स्वयंसेवकांचं काम आहे; सोडून जायचा हक्क प्रत्येकाला आहे. राग येतो तो नावाची पाटी दारावर ठेवून जाणाऱ्यांचा. पॅकेजला मेंटेनर दिसतो म्हणून दुसरं कोणी हात लावत नाही, बगना उत्तर येत नाही, आणि सुरक्षेचा दोष आला की सगळे एकमेकांकडे बघतात. असं एक पॅकेज मी घेतलं तेव्हा आधीच्या मेंटेनरचं शेवटचं उत्तर चौदा महिन्यांपूर्वीचं होतं. बगच्या ढिगात दुरुस्तीचे तीन पॅच पडून होते. तीन वेगवेगळ्या माणसांनी तोच दोष तीनदा सोडवला होता.

सोडायच्या पायऱ्या आधीपासून आहेत. डेबियनमध्ये मदत हवी, दुसरा मेंटेनर हवा आणि पॅकेज अनाथ केलं, अशा तीन वेगळ्या नोंदी करता येतात. लोक पहिल्या दोन गाळतात आणि तिसरीही करत नाहीत. फेडोरात अनाथ पॅकेज सहा आठवड्यांत कोणी घेतलं नाही तर ते निवृत्त होतं. मला हे क्रूर वाटत नाही. बेवारस पॅकेज चालू दिसण्यापेक्षा नसलेलं बरं.

पण सुटायची घाई झाली म्हणून जो पहिला हात वर करेल त्याच्या हाती किल्ल्या देऊ नका. जुलै 2018 मध्ये आर्चच्या एयूआर या वापरकर्त्यांनीच भरलेल्या संग्रहातलं एका पीडीएफ वाचकाचं अनाथ पॅकेज एकाने दत्तक घेतलं आणि त्यात घातक स्क्रिप्ट उतरवणारी ओळ घातली. एक्सझेड या फायली आकसवणाऱ्या साधनाची गोष्ट तर अपस्ट्रीमची. एकटा माणूस ते सांभाळत होता. 2022 मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणं लावलं की दुसरा मेंटेनर घ्या. तो दुसरा आला, विश्वास कमावला आणि 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांतून चोरदरवाजा बाहेर पडला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं, म्हणून 29 मार्चला तो उघड झाला. व्हॅलग्रिंड इथेही कुरकुरत होतं, बरं का. 2006 मध्ये ती कुरकुर बंद करण्यात आली. इथे फ्रॉइंडने तिच्या मुळाशी जायचं ठरवलं. आणि ही नवी आवृत्ती लवकर घ्या म्हणून डिस्ट्रोंच्या मेंटेनरांवरही दबाव येत होता. मला घाई करणाऱ्यांचा संशय येतो तो यामुळेच.

माझ्याकडून पॅकेज मागणाऱ्याला मी आधी तीन जुने बग देतो. पॅकेज नाही, बग. त्यांना तो कसं उत्तर देतो, वापरकर्त्याशी कसं बोलतो, अपस्ट्रीमला काय लिहितो, हे दोन-तीन महिने बघतो. मग सहमेंटेनर म्हणून नाव घालतो आणि आणखी एक आवृत्ती दोघं मिळून काढतो. माझं नाव सगळ्यात शेवटी निघतं. तोवर पॅकेजमध्ये एक साधी मजकुराची फाइल तयार असते: कुठला पॅच का आहे, अपस्ट्रीमवाल्याला कोणत्या गोष्टीचा राग येतो, कोणती चाचणी अधूनमधून उगाच नापास होते. गेल्या खेपेला तिसऱ्या बगलाच एकाने विचारलं, "पॅकेज नावावर कधी करताय?" त्याला मी आणखी तीन बग दिले. परत आला नाही.