अवकाशस्थानक बघायचंय? आधी मूठ वळा

पहिल्यांदा मी सगळ्या घराला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक दाखवायला गच्चीवर नेलं, तेव्हा आकाशात काहीच आलं नाही. चाळीस मिनिटं माना वर करून उभे. शेवटी आई म्हणाली, "तुझं स्थानक दुसऱ्या वाटेनं गेलं असेल," आणि खाली निघून गेली. चूक माझीच. स्थानक कधी दिसेल ते सांगणाऱ्या तक्त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळ होती आणि मी ती घरच्या घड्याळाची समजले. तेव्हा तक्त्यावरची वेळ कुठली, हे सगळ्यांत आधी बघा.

तक्ता मिळतो 'हेवन्स अबव्ह' या संकेतस्थळावर किंवा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर. आपलं ठिकाण भरलं की पुढच्या काही दिवसांतल्या फेऱ्या येतात. त्यात 'उंची' म्हणून जो आकडा असतो तो किलोमीटरचा नव्हे, अंशांचा. क्षितिज शून्य, डोक्यावर ९०. ३० अंशांच्या आतली फेरी असेल तर मी चपलाही घालत नाही. क्षितिजालगत ते हजार-दीड हजार किलोमीटर लांब असतं. डोक्यावर आलं की जेमतेम ४००. फरक डोळ्यांना लगेच कळतो. ५० अंशांच्या वरची फेरी असेल तर शेजारपाजाऱ्यांनाही हाक मारा. तेजाचा आकडा मात्र उलटा वाचायचा: उणे जितका मोठा तितकं ठळक. उणे ३ च्या पुढे गेलं की ते शुक्राच्या चांदणीशी बरोबरी करतं.

आता मूठ. हात समोर ताठ करा, अंगठा वर येईल अशी मूठ वळा आणि एक डोळा मिटा. मुठीचा खालचा काठ क्षितिजावर टेकवा. वरचा काठ साधारण १० अंशांवर येतो. मग दुसरी मूठ तिच्यावर, पुन्हा पहिली तिच्यावर, असं चढत जा. नऊ मुठींत बरोबर डोक्यावर पोचायला हवं. आठच भरल्या किंवा दहा लागल्या, तर तेवढं जमेस धरा. मुलांची मूठ लहान असते, पण हातही आखूड असतो, त्यामुळे त्यांचंही माप जमतं. क्षितिज घरांमागे दडलं असेल तर डोळ्यांच्या पातळीपासून मोजा.

समजा तक्ता सांगतो, सुरुवात वायव्येला, १० अंशांवर. म्हणजे वायव्येकडे तोंड करून एक मूठ वर नजर ठेवायची. पाच मिनिटं आधी उभं राहा आणि मोबाइल खिशात टाका, त्याच्या उजेडानं डोळे दिपतात. दुर्बीण पहिल्या खेपेला नकोच. ती रोखेपर्यंत स्थानक पुढे गेलेलं असतं. ताशी सुमारे २८,००० किलोमीटरचा वेग आहे त्याचा. अख्खी फेरी पाच-सहा मिनिटांत आटोपते.

दिसतं ते असं: एक स्थिर, पांढरा ठिपका, पश्चिमेच्या अंगानं उगवून पूर्वेकडे सरकणारा. लुकलुक नाही, आवाज नाही. लाल-हिरवे दिवे मिचकावत येतं ते विमान.

खरी गंमत मात्र पुढे आहे. आपल्याला दिसतो तो स्थानकाचा दिवा नव्हे, त्याच्यावर पडलेलं ऊन. आपल्याकडे अंधार झालेला असतो, पण वर ४०० किलोमीटरवर ऊन शिल्लक असतं. म्हणून ते संध्याकाळी किंवा पहाटे दिसतं. मध्यरात्री बहुतेक ठिकाणी तेही पृथ्वीच्या सावलीत असतं. संध्याकाळच्या फेरीत ते पूर्वेकडे जाता जाता याच सावलीत शिरतं. ढग नाही, झाड नाही, आणि भर आकाशात ठिपका मंदावतो, किंचित तांबूस होतो आणि काही सेकंदांत विझतो. तो तांबूसपणा म्हणजे स्थानकावरचा सूर्यास्त. आतल्या माणसांना असे साधारण सोळा सूर्यास्त दिवसाला दिसतात. आत माणसं असतातच. २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. तक्त्यात शेवटची उंची १० अंशांहून बरीच जास्त दिली असेल, तर बहुधा ते असंच मधेच विझणार. मी त्याच फेऱ्या निवडते.

पहाटे हाच खेळ उलटा चालतो. कोऱ्या आकाशात मधूनच ठिपका पेटतो आणि चालू लागतो. त्या वेळी मूठ मोजलेली नसेल तर तो कुठून आला तेच कळत नाही.

फेऱ्या झुबक्यानं येतात: काही दिवस रोज संध्याकाळी, मग खंड, मग पहाटेची पाळी. एका संध्याकाळी दोन फेऱ्याही असू शकतात, दीड तासाच्या अंतरानं. पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालायला त्याला तेवढाच वेळ लागतो. मधल्या वेळात पृथ्वी फिरलेली असते, म्हणून दुसरी फेरी आणखी पश्चिमेला सरकते आणि वर चढते न चढते तोच विझते. पहिल्या फेरीला आता आईही येते. दुसरीला मी एकटीच असते.