खेळाडूचं प्रकरण बाहेर आलं? क्लबने या चुका टाळा

आमच्या सिंधुदुर्गात फुटबॉल क्लब म्हणजे खरं तर मंडळच. एक अध्यक्ष, एक कोच, चाकरमान्यांची वर्गणी आणि रात्री बारापर्यंत वाजणारा व्हॉट्सॅप ग्रुप. काही वर्षांपूर्वी आमच्या स्ट्रायकरने लाइनमनच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. ‘आपलोच झील तो, सांभाळून घेवया,’ असं ठरलं. हो म्हणणाऱ्यांत मीही होतो. मॅच जिंकलो, पण पुढच्या वर्षी आमच्या मॅचला पंच मिळेनात.

पहिली चूक: लगेच पुढची मॅच खेळवणं. क्लबचं निवेदन लोक नंतर वाचतात, अकरा जणांची यादी आधी. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबच्या कर्ट झूमाचा मांजराला लाथ मारतानाचा व्हिडिओ बाहेर आला. दुसऱ्याच दिवशी वॉटफर्डविरुद्ध तो मैदानात! मॅनेजर डेव्हिड मोयेस स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवत होते, तरी टीका झालीच. क्लबने नंतर सुमारे अडीच लाख पौंड दंड केला, पैसे प्राण्यांच्या संस्थांना दिले. तरी एका प्रायोजकाने हात आखडता घेतलाच. एक मॅच बाहेर बसवला असता तर एवढं झालं नसतं.

दुसरी चूक: अख्ख्या टीमला त्याच्या बाजूने उभं करणं. डिसेंबर २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वंशद्वेषी बोलल्याबद्दल लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझवर ८ सामन्यांची बंदी आली. दुसऱ्या दिवशी विगनला लिव्हरपूलचे खेळाडू सुआरेझचे टी-शर्ट घालून सरावाला उतरले. तेव्हा तिथे असलेल्या जेमी कॅरागरने २०१९ मध्ये टीव्हीवर एव्हराची माफी मागितली. आठ वर्षांनी! आपल्याकडे टी-शर्ट नसतो, व्हॉट्सॅपचा डीपी असतो. मारहाण झालेला माणूसही तो बघतो.

तिसरी चूक: घरातल्या घरात चौकशी. समितीवर खेळाडूचा काका असेल तर ती बसवूच नका. तक्रार अल्पवयीन मुलाच्या किंवा मुलीच्या लैंगिक छळाची असेल, तर प्रश्नच मिटला: २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलाचं नाव ग्रुपवर टाकू नका, ‘सगळ्यांना म्हायतीच आसा’ म्हणूनसुद्धा नको. महिलेने अशी तक्रार केली असेल आणि क्लबकडे दहापेक्षा कमी कामगार असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आता खरं ‘सांभाळून घेणं’ कसं असतं ते बघा. जानेवारी १९९५ मध्ये लंडनच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाने प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली. युनायटेडने स्वतःहून मोसमभर त्याला बाहेर बसवलं, वर २०,००० पौंड दंड. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ती बंदी सप्टेंबर अखेरपर्यंत वाढवली. कोर्टाने १२० तास समाजसेवा दिली, ती त्याने मुलांना फुटबॉल शिकवून भरली. तो इंग्लंड सोडायच्या बेतात होता, तेव्हा मॅनेजर फर्ग्युसन पॅरिसला जाऊन त्याची समजूत काढून आले. शिक्षाही झाली, माणूसही हातचा गेला नाही.

हे सगळं मोसमाच्या आधी, एंट्री फॉर्मवरच लिहून सही घ्या. प्रकरण झाल्यावर नियम बनवायला बसलात तर तो त्याच एका पोरासाठी बनवल्यासारखा वाटतो.

आमच्या त्या स्ट्रायकरच्या हातात आम्ही दोन वर्षं उशिरा लाइनमनचा झेंडा दिला. पहिल्याच मॅचला एका ऑफसाइडवरून त्याला अख्ख्या गावच्या शिव्या बसल्या. संध्याकाळी तो विचारत आला, ‘त्या लाइनमनाचा घर खंय?’