लग्नाची डाळ वर्षाच्या डाळीबरोबरच घ्या

वैशाखातलं लग्न असलं की किराणा ऐन घाईत, किलो-किलोच्या पुड्यांत येतो आणि तिथंच पैसे जास्त जातात.

आपल्याकडं नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, ज्वारी-हरभरा त्यामागून. म्हणून आचाऱ्याकडून यादी तेव्हाच लिहून घ्या, त्यात घरचं वर्षाचं धान्य धरा आणि लातूर, जालना, नांदेड, जो मोंढा (धान्याचा बाजार) जवळ पडेल तिथून एकदमच कट्टे उचला. लग्नात उरलं तर घरीच खपतं.

कट्टा ३० किलोचा मागा. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या कट्ट्यावर आणि सुट्या मालावर नाही. घेताना तोंड सोडून आत कोपरापर्यंत हात घाला, खालची मूठभर डाळ काढून बघा. वर सगळेच चांगला माल ठेवतात!

हळद वसमतकडची हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी. तीच भाजीला, तीच नवरीला.

रवा, मैदा, बेसन मात्र आधी भरू नका, उन्हाळ्यात अळ्या होतात. न फोडलेला कट्टा परत घेणार का, हे बिलावरच लिहून घ्या. तोंडी शब्द लग्नानंतर कुणाला आठवत नाही.